मांडव बदलला की बटणं फिरवायची

प्रिय मध्या,

कर्जतच्या बाजारपेठेविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे आणि ती शांतपणे ऐकून घ्यायला सध्या तुझ्याइतका रिकामा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. या गावात फार्महाऊससाठी इटलीच्या फरश्या मिळतात, कुत्र्यांची बिस्किटं तीन-तीन चवींत मिळतात, पण नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मिळत नाही. काडेपेटीएवढी वस्तू. पहिल्या दुकानदाराने मला रिमोटचे सेल दाखवले. दुसऱ्याने विचारलं, "स्कूटर कुठली हाय तुमची?" तिसरा म्हणाला, ऑनलाइन मागवा, आणि मी कंदिलाची काच मागितल्यासारखं माझ्याकडे बघत राहिला. भर उन्हात, या गुडघ्यांनिशी, स्टेशनपासून पुलापर्यंत आणि पुलापासून स्टेशनपर्यंत मी ही बॅटरी शोधली. शासनाने दखल घ्यावी.

शेवटी एसटीने खालापूरला गेलो. कचेरीसमोर तुझं झेरॉक्सचं दुकान होतं त्याच्या शेजारच्या मोबाईलवाल्याने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत खालच्या खणातून दोन बॅटऱ्या काढून काचेवर ठेवल्या.

"मधूभाऊंसाठी ठेवायचो," तो म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक नाय हिला."

मग जरा थांबून म्हणाला, "अजून मागवतो. सवयीनं."

मी दोन्ही बॅटऱ्या घेतल्या. एक का नाही, दोन का, ते शेवटी सांगतो.

परवा तुझ्या पूर्वाची हळद झाली, काल लग्न लागलं. व्याही कसे आहेत, जेवण पुरलं का, असलं काही तू विचारणार नाहीस. चाळीस वर्षं ओळखतो तुला. तू एकच विचारशील: बास कसा लागला होता? म्हणून लिहितो आहे. दुसऱ्या कोणाला हे सांगायला गेलो तर आधी बास म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, आणि तिथेच माझं ज्ञान संपतं.

तुझी ती चार तारांची गिटार. मी तिला जन्मभर 'न ऐकू येणारी गिटार' म्हणत आलो. माझ्या साप्ताहिकातल्या सदरात एकदा लिहिलंही होतं की तालुक्यातल्या हळदीला वाजवणाऱ्या पार्ट्यांमध्ये एक गृहस्थ असा असतो जो रात्रभर बोटं हलवतो आणि ज्याचं काहीही कोणाला ऐकू येत नाही; त्याला लोकप्रतिनिधी का करू नये? तू चिडशील असं वाटलं होतं. तू त्या कात्रणाच्या झेरॉक्स काढून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला फुकट वाटल्यास. उत्पन्नाच्या दाखल्यासोबत माझा विनोद तहसीलदारापर्यंत पोचला.

मग एका दुपारी तू मला समोर बसवून गिटार समजावलीस. आठवतं? तारांखाली दोन काळ्या पट्ट्या होत्या. "हे दोन पिकअप," तू म्हणालास. "हे गळ्याकडचं. हे कसं बोलतं? आमचा आजा बोलायचा तसं. हळू, घशातनं, गोल. ऐकत बसावंसं वाटतं पण शब्द कळत नाय. आणि हे खालचं, ब्रिजकडचं, तारा जिथं बांधल्यात तिथलं. हे नाकात बोलतं, टोचून. हे म्हंजे तू."

"मग काढून टाक ना ते."

"काढलं तर नुसतं घुमतं रं. कोण काय बोलला ते कळायला थोडा टोचरा माणूस लागतोच. आज्यात थोडा विन्या टाकायचा. जास्त नाय. जास्त झाला की डोकं उठतं."

त्या दिवसापासून तुझ्या अख्ख्या पार्टीत त्या खालच्या पिकअपच्या बटणाचं नाव विन्या पडलं. ढोलकीवाला, कीबोर्डवाला, गाणारी पोरगी, सगळे भर मांडवात ओरडायचे, "मधूदादा, विन्या कमी करा!" आणि मागे आचाऱ्याशेजारी उभा असलेला खरा विन्या नुसता हसायचा. आयुष्यात पुष्कळ पुरस्कार नाकारले, म्हणजे मिळालेच नाहीत. पण गिटारच्या बटणाला नाव दिलं गेलेला लेखक तालुक्यात मी एकटाच असेन.

आणि मी मागे का उभा असायचो? कारण ढोलकीशेजारी बसून तुला स्वतःचं काही कळायचं नाही. म्हणून मांडवाच्या टोकाला, भाताच्या टोपाजवळ, तू मला पाठवायचास. तिथनं मी हाताने खुणा करायच्या. गळ्याला बोट लावलं की गळ्याकडचं पिकअप वाढव. नाकाला लावलं की ब्रिजकडचं. तळहात वर केला की जाड आवाज वाढव, खाली केला की कमी. चौथं बटण बारीक आवाजाचं, त्यासाठी मी कान ओढायचो. ताडवाडीच्या एका लग्नात मुलाच्या मामाने मला आडबाजूला नेऊन विचारलं होतं, "पाव्हणं, दिष्ट लागली का काय तुमाला?"

मला गाण्यातलं काही कळत नाही हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालास, "म्हणून तर तू. कळणारा माणूस गिटार ऐकतो. तू बायकांच्या पायांकडं बघ. बास बरोबर असला की तो ऐकू येत नाय, पावलं बरोबर पडतात." माझ्यासारख्या सद्गृहस्थाला बायकांच्या पायांकडे बघण्याची अधिकृत नेमणूक तूच दिलीस, हे माझ्या बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये जाड आवाज कमी, नाहीतर पत्रा गातो. हॉलमध्ये फरशी असली तर त्याहून कमी. मोकळ्या मैदानात जाड वाढवायचा, कारण तिथे आवाजाला अडवायला भिंत नसते, तो आपला दरीत निघून जातो. एकदा मी म्हटलं, सेटिंग लिहून का ठेवत नाहीस? तू माझ्याकडे दयेने बघितलंस. "मांडव बदलला की बटणं फिरवायची, विन्या. लिहून काय ठेवू, मांडव?"

आता तुझ्यावरचा राग.

श्रावणातली ती संध्याकाळ. तू घरी वाजवत होतास. वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. तुझ्या घरात सेटिंग लावायची तुझी पद्धत त्यांनी मला नंतर सांगितली: स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची कडेची वाटी वाजायला लागली की जाड आवाज कमी करायचा, वाटी गप्प झाली की बस. त्या दिवशी वाटी गप्प झाली, मग गिटारही थांबली. "जरा छातीत भरल्यासारखं वाटतंय, जाऊन येतो," असं म्हणून तू गिटार खाटेवर ठेवलीस, शेजाऱ्याच्या रिक्षात बसलास आणि आला नाहीस.

वायर काढायची राहिली, मध्या. तू, ज्याने जन्मभर आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं की "वायर काढा रं, वायर आत राहिली की बॅटरी खाते"! त्या गिटारच्या पोटात बॅटरी असते आणि वायर खुपसलेली असली की ती वाजो न वाजो, बॅटरी झिजत राहते, हे तालुक्याला तोंडपाठ करवलंस. आणि स्वतः? तेवढंही थांबता आलं नाही? बरं, दुखतंय हे आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी सांगता आलं नाही? माझ्याकडे पाय हलवत बसून चहा प्यायलास तेव्हा तुझ्या छातीत काय चाललं होतं? सगळ्या मांडवांचा आवाज तुला कळायचा. स्वतःचा का नाही कळला?

असो. भांडायला समोर माणूस लागतो.

वहिनींनी त्या गिटारला कोणाला हात लावू दिला नाही. खाटेवरून उचलून तुझ्या फोटोखाली भिंतीला टेकवली, वायरीसकट. बटणं जिथल्या तिथे. पूर्वा फडकं घेऊन गेली तर म्हणाल्या, "त्यांनी ठेवलीय तशी राहू दे गं. बटणाला हात नको लावूस." महिना उलटल्यावर तुझी पार्टी आली, म्हणाली दादांसाठी एक गाणं वाजवतो. कीबोर्डवाल्याने वायर अ‍ॅम्पला लावली, तार छेडली. काही नाही. अ‍ॅम्प बदलला, त्याचा आवाज वाढवला. काही नाही. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "मालकाबरोबर गेली." दुसऱ्या दिवशी गिटारला हार घातलेला होता. मी जन्मभर ज्या भाबडेपणावर लिहीत आलो, तो माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा होता, झेंडूचा. आणि खरं सांगू? मलाही ते पटलं. हसूच आलं नाही.

मग पूर्वाचं ठरलं. वर्षाच्या आत उरका नाहीतर तीन वर्षं थांबा, तुला ठाऊकच आहे. तुझे थोरले बंधू अण्णा म्हणाले, लग्न करू, पण हळदीला वाजवायचं काही नको, घरात वर्ष चालू आहे, लोक काय म्हणतील. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या मोठ्याने कधी बोलत नाहीत.

"अण्णा, सगळ्या तालुक्यातल्या पोरींच्या हळदी त्यांनी वाजवल्या. माझ्या पोरीची मुकी जायची?"

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. विषय संपला.

पण पूर्वाने दुसरा काढला. "बाबांचीच गिटार वाजली पाहिजे. दुसरी असेल तर नको." मेलेली गिटार कशी वाजवायची? चौकचा दिनेश आता तुझ्या जागी वाजवतो. कारखान्यात पाळी करतो, हात चांगला आहे, पण सगळी बटणं फुल. एखादा माणूस सगळ्या भाज्या एकाच तिखटात करतो तसा. तो आला, गिटार बघून हात जोडले आणि म्हणाला, "दादा, हिच्यात जीव नाय. माझी आणतो."

मी समोर बसून होतो. करायला काही नव्हतं म्हणून गिटारकडे बघत होतो. हार सुकलेला, आणि हाराखालून ती काळी वायर लोंबत होती. अजून आत खुपसलेली. श्रावणापासून.

"दिनेश," मी म्हटलं, "तुझ्या गिटारला बॅटरी असते?"

"नाय ओ. साधी हाय माझी."

"हिला असते."

आयुष्यात मला बासमधलं एवढंच माहीत होतं, मध्या, आणि तेही तुझ्या शिव्या खाऊन. दिनेशने गिटार उलटी केली, मागचं झाकण काढलं. बॅटरी फुगून गंजलेली. त्याने पिशवीचा बाहेरचा कप्पा उघडला. तिथे तू एक राखीव ठेवायचास हे त्यालाही ऐकून माहीत होतं. कप्पा रिकामा. तो का रिकामा ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत निघालो. बाकी तक्रार वर आलीच आहे.

बॅटरी घातली तेव्हा दुपार होती. दिनेशचा हात सवयीने बटणांकडे गेला आणि वहिनी दारातून म्हणाल्या, "नको." चटका बसल्यासारखा त्याने हात मागे घेतला. मग फक्त सगळ्यात जाड तार एकदा छेडली.

आवाज आला. खोलीभर, जमिनीतून आल्यासारखा. पूर्वाने तोंडावर हात धरला. मी वहिनींकडे बघितलं तर त्या गिटारकडे बघतच नव्हत्या. त्या मान वळवून स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे बघत होत्या.

"वाटी गप हाय," त्या म्हणाल्या. "त्यांचंच हाय हे."

आणि आत जाऊन गॅसवर चहा ठेवला. चहा बराच वेळ झालाच नाही. आम्ही कोणी मागितला नाही.

परवा संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात मांडव घातला. वरून कापड, बाजू मोकळ्या, समोर माथेरानचा डोंगर. पूर्वा पाटावर बसली, गाणं सुरू झालं, आणि मी माझ्या जागेवर, भाताच्या टोपाजवळ गेलो. तिथे एक खुर्ची होती आणि खुर्चीत वहिनी. मुलीच्या हळदीत आई टोपाजवळ का बसते हे तुला सांगायला नको. कोणी त्यांना तिथे बस म्हणालं नव्हतं. कोणी तिथून उठ असंही म्हणालं नव्हतं.

बास येत नव्हता, मध्या. दिनेश मान खाली घालून वाजवत होता, बटणं तू ठेवलीस तिथेच होती, आणि मागे नुसती ढोलकी टकटक करत होती. स्वयंपाकघरातल्या वाटीसाठी लावलेला आवाज मैदानात कुठून पुरणार? बायका उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली, आपसात बघितलं, पुन्हा बसल्या. नवऱ्याकडची पोरं मोबाईल काढून बसली. पूर्वा पाटावरून आमच्याकडे बघत होती. दिनेशही बघत होता; माझ्या खुणा तुझ्या पार्टीने त्याला पढवल्या होत्या. मी हात वर करू शकत नव्हतो. ती बटणं म्हणजे तुझी बोटं शेवटची जिथे थांबली ती जागा. एकदा फिरली की गेली.

"ऐकू येतंय का हो भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"नाही येत."

एक कडवं संपलं.

"ते असते तर काय केलं असतं?"

"फिरवली असती. पहिल्याच गाण्याला."

"मला शिव्या घातल्या असत्या, अशी पुजून ठेवली म्हणून?"

"तुम्हाला नाही. मला."

त्या थोडं हसल्या असाव्यात. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "फिरवा मग. किती दिस धरून ठिऊ मी."

मी तळहात वर केला. दिनेशने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली. त्याने बटण फिरवलं. जाड आवाज मैदानात उतरला, टोपावरचं झाकण हललं. आणि त्याच क्षणी माझा हात गळ्याकडे गेला. खूण म्हणून नाही. घसा दाटून आला होता, एवढंच. दिनेश बिचारा आज्ञाधारक. त्याने गळ्याकडचं पिकअप पूर्ण करून टाकलं. सगळं घुमायला लागलं, रांजणात तोंड घालून कोणी गातंय असं. मला सुधारता येईना, नाकाला हात लावला तर रुमालच लावावा लागत होता.

तेवढ्यात पाटावरून, गालांना हळद, कपाळाला हळद, हातात सुपारी, तुझी लेक ओरडली:

"दिनेशदादा, थोडा विन्या वाढव!"

नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली, की विन्या कोण आणि त्याला कशाला वाढवायचा. तुझ्या पार्टीतला ढोलकीवाला वाजवता वाजवता रडत होता आणि हसत होता. दिनेशने ब्रिजकडचं थोडं आणलं. थोडंच.

आणि बास ऐकू यायचा थांबला.

मी गिटारकडे बघितलं नाही. नेमणूक पायांकडे बघायची आहे. बायका उठल्या होत्या, पावलं पडत होती, एकत्र, कोणी न सांगता. तुझ्या मावशीची सुद्धा, जिला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली आहे. मग शेजारी खाली नजर गेली. खुर्चीखाली, चपलेतून अर्धवट निघालेला वहिनींचा पाय. अंगठा जमिनीवर पडत होता. ठेक्यावर. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. मी नजर वळवली.

बास चांगला लागला होता, मध्या. तुझ्यासारखा नाही म्हणणार. तुझा मी कधी ऐकलाच नाही, तू तसा वाजवायचासच. पण पावलं बरोबर पडली.

आता तुझी शेवटची सेटिंग कुठेच नाही. पूर्वा म्हणाली, फोटो काढून ठेवायला हवा होता. वहिनी म्हणाल्या, "कशाला? त्यांनी तरी कधी ठेवली?" गिटार आता दिनेश वाजवणार आहे. दर खेपेला घरून न्यायची आणि घरी आणून ठेवायची, एवढी वहिनींची अट. हार काढला. फोटोचा राहू दिला.

मी तुला एक वचन देतो, आणि मी वचनं देणाऱ्यांवर किती लिहिलंय ते लक्षात ठेवून देतो. ती गिटार ज्या मांडवात जाईल तिथे, गुडघे चालतील तोवर, मी टोपाजवळ उभा असेन. लोक दृष्ट लागली म्हणोत. आणि वाजवणं संपलं की वायर मी स्वतः काढेन.

राहता राहिली दुसरी बॅटरी. माझ्या एकुलत्या एका सत्काराला माईक बंद पडला तेव्हा तू पिशवीच्या कप्प्यातली राखीव काढून दिली होतीस. मी तासभर बोललो आणि ती तिथेच सोडून आलो. तो कप्पा रिकामा राहिला तो तेव्हापासून. त्यानंतर तू माझी ओळख कोणालाही अशीच करून द्यायचास: "हा विन्या. लिहितो. माझी बॅटरी खाल्लीय यानं." माझं याहून नेमकं चरित्र कोणी लिहिणार नाही.

काल वरात गेल्यावर तुझ्या घरी गेलो. वहिनी मांडणीवरची भांडी लावत होत्या. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्याची चेन जरा अडते, ती ओढली, बॅटरी आत ठेवली, चेन लावली. वहिनींनी बघितलं आणि हातातली वाटी मांडणीच्या कडेला ठेवली.

वायर काढलेली आहे.

तुझा,
विन्या